‘हम लोग’मधली माणसं अजून का आठवतात?

निशिगंध

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस टीव्ही नको म्हणून संध्याकाळी दोघी नुसत्या बोलत बसायचो. एका संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "बडकीचं लग्न झालं त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या होत्या, आठवतं का गं?" मला कळेचना, आपल्यात कोण बडकी? मग डोक्यात प्रकाश पडला. दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ या हिंदी मालिकेतली बडकी!

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. गेल्या वर्षी रोज रात्री बघितलेल्या मालिकेतल्या नायिकेचं नाव आईला आज आठवत नाही. पण त्या घरातली सगळी माणसं तिला त्यांच्या खोडींसकट पाठ आहेत. बाप बसेसर राम, आई भगवंती, दादाजी, दादी, लल्लू, बडकी, मझली, छुटकी, नन्हे. कोण कशावरून रुसेल आणि कोण काय लपवेल, तेसुद्धा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. त्या मालिकेत घडायचं काय? बाप दारू पितो. आई सोसते. थोरल्याला नोकरी मिळत नाही. थोरलीचं लग्न जमत नाही. मधलीला सिनेमात जायचंय, धाकटीला डॉक्टर व्हायचंय, धाकट्या मुलाला क्रिकेट खेळायचंय. तेव्हाच्या कुठल्याही गल्लीत दोन-चार घरं सोडून हेच चाललेलं असायचं. तरी आम्ही पुढच्या भागाची वाट का बघायचो?

मला वाटतं, तिथे गोष्ट स्वभावातून पुढे सरकायची. परिस्थिती पाचही भावंडांना एकच, बाप तोच, भाडं तेच, पण पाचजण पाच वाटांनी जातात. बडकीचंच घ्या. तिच्या लग्नाच्या आड कुणी कारस्थानी मावशी येत नाही, कुणाचं पत्र चुकीच्या हातात पडत नाही. आड येतो तो तिचाच स्वभाव. सगळ्यांचं करायचं आणि स्वतःची वेळ आली की मागे सरायचं. आईला तिचा राग यायचा, अगदी सख्ख्या भाचीचा यावा तसा.

तुम्हाला यातलं कोण आठवतं? आणि का?

कोकणकडा

रुमाल टाकतोय. रात्री सविस्तर लिहितो.

जुना_अँटेना

निशिगंधताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी नागपूरचा, म्हणून आधी आमच्या गावचा संबंध सांगतो. ही मालिका आली त्याच्या मुळाशी वसंतराव साठे होते. १९८० ते ८२ या काळात ते माहिती आणि प्रसारण मंत्री होते. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाचा माणूस तिथल्या टीव्हीसाठी वेगळ्याच प्रकारच्या मालिका करत होता. एक प्रौढ साक्षरतेवर, एक कुटुंबनियोजनावर. साठ्यांनी ते तिकडे पाहिलं आणि आपल्याकडेही व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढे सचिव एस. एस. गिल यांनी ते तडीस नेलं. लिहायला मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शनाला पी. कुमार वासुदेव. पहिला भाग ७ जुलै १९८४ ला लागला, शेवटचा १७ डिसेंबर १९८५ ला. दीडशेहून जास्त भाग झाले.

साबिदोची रीत अशी, की पात्रं तीन गटांत पाडायची. काही चांगलं वागणारी, काही वाईट वागणारी आणि काही मधली, डळमळणारी. प्रेक्षक त्या डळमळणाऱ्याला धरतो आणि त्याच्याबरोबर बदलतो. म्हणजे सांगाडा सरकारी होता, एखाद्या योजनेचा असतो तसा. त्यावर मांस चढवलं ते जोशींनी. ते मूळचे हिंदीतले कादंबरीकार, शिवाय साप्ताहिकाचे संपादक, त्यामुळे माणूस कसा बोलतो याला त्यांचा कान तयार होता. ‘सुधारणा’ या खणात बसवायची पात्रं त्यांनी त्या खणात बसू दिली नाहीत. माझ्या मते खरी कमाल तिथे आहे.

सावनी

मला भगवंती आठवते आणि अजून त्रास देते.

आमच्या वाड्यात एकच टीव्ही, लाकडी शटरवाला. बायका भिंतीला टेकून मागे, पोरं पुढे, पुरुष दारात उभे. बसेसर राम पिऊन येऊन भगवंतीला बोलायला लागला की मागे एकदम शांतता व्हायची. त्या बायकांमध्ये दोघी-तिघी अशा होत्या, ज्यांच्या घरी तासाभराने तेच व्हायचं होतं. हे मला मोठी झाल्यावर उमगलं.

माझी आत्या म्हणायची, "भगवंतीसारखी बाई हवी, घर धरून ठेवते." माझी आई म्हणायची, "भगवंतीसारखी होऊ नकोस." दोघी शेजारी बसून एकच भाग बघायच्या!

कोकणकडा

सावनीताई, तुम्ही म्हणताय ते नुसतं तुमच्या वाड्यात नव्हतं. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या अभ्यासकांनी ‘हम लोग’च्या प्रेक्षकांवर मोठं काम केलंय. भगवंती लिहिली होती ती ‘असं सोसत राहू नका’ हे दाखवायला. पण प्रेक्षकांना विचारल्यावर बऱ्याच बायकांनी तिलाच आदर्श मानलं. अभ्यासकांच्या दृष्टीने निरोप चुकला. मी शिक्षक आहे, मला यात लेखकाची ताकद दिसते. भगवंती धड्यातली बाई असती तर मुलं फळ्यावरचं उतरवतात तसं सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं असतं. ती खरी माणूस होती, म्हणून प्रत्येकीने आपापल्या घरातून तिच्याकडे पाहिलं.

रोखठोक

मी थोडा विरोधात बोलतो. तेव्हा वाहिनी एकच होती हो! कृषिदर्शनही आम्ही शेवटपर्यंत बघायचो. तेव्हाचं सगळं आज सोन्याचं वाटतं, कारण तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो. ‘हम लोग’ संथ होती, घराच्या भिंती सेटच्या आहेत हे कळायचं आणि सुरुवातीला तर नुसता उपदेश होता. माझे वडील उठून जायचे. म्हणायचे, "कुटुंबनियोजनाचं ऐकायला आरोग्य केंद्र आहे की."

जुना_अँटेना

रोखठोक, तुमच्या वडिलांचं अगदी बरोबर होतं, आणि असं वाटणारे ते एकटे नव्हते. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा मारा होता. प्रेक्षकांनी नापसंती कळवल्यावर तो विषय पातळ केला आणि घरातल्या माणसांच्या भानगडी पुढे आणल्या. मालिकेने जीव धरला तो त्यानंतर. म्हणजे तुमचा मुद्दा निशिगंधताईंच्याच बाजूने जातो. एकच वाहिनी होती तेव्हाही उपदेश चालला नाही, माणसं चालली.

रोखठोक

हे माहीत नव्हतं. एवढं मान्य. संथपणाचं मात्र मागे घेणार नाही.

मुग्धा_म्हापसा

गोव्यात आमच्या घरी हिंदी कुणालाच धड येत नव्हतं. माझी आजी तर फक्त कोंकणी बोलायची, मराठी पोथीपुरतं. पण दादी बोलायला लागली की आजी मान हलवायची. दादीचा हट्ट, सुनेला टोचून बोलणं, स्वतःच्या खाण्यापिण्याची काळजी, हे समजायला भाषा कशाला हवी? सुरुवातीला आजीला ती मुळीच आवडत नसे. मग दादीला कर्करोग झाला. आजी देवापुढे दिवा लावताना तिचंही नाव घ्यायची. मी विचारलं, "आजी, ती खरी नाही." आजी म्हणाली, "दुखणं खरं मगे?"

आजीसारखे खूप होते. दादीला मारू नका अशी पत्रं लोकांनी पाठवली होती. सुषमा सेठ तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या! आणि मझली झालेली दिव्या सेठ त्यांची खरी मुलगी. पडद्यावर आजी-नात, घरी आई-लेक.

मला दादीच्या लिखाणातलं हेच मोठं वाटतं. दुखणं आलं म्हणून ती एकदम गोड झाली नाही. ती होती तशीच हट्टी राहिली, फक्त आता आपल्याला तिचा हट्ट जावा असं वाटेना.

निशिगंध

मुग्धा, तुझ्या आजीचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

चिंटूचा_बाबा

अवांतर: मला मॅगी आठवते! प्रायोजक तेच होते ना? १९८३ मध्ये मॅगी भारतात आली आणि पुढच्याच वर्षी ‘हम लोग’ सुरू झाली. दोन मिनिटांत होतात म्हणून बहिणीने घड्याळ लावून केल्या, दोन मिनिटांनी झाकण काढलं तर नूडल्स कडकडीत. आई म्हणाली, "शेवया करायला मला निदान वीस मिनिटं लागतात, यांना दोन मिनिटं कशी पुरतील?" पुढचा अर्धा भाग आम्ही पातेल्यात डोकावण्यात घालवला.

सावनी

मला तर आधी वाटायचं मॅगी हेही त्यांच्यातल्याच एका बहिणीचं नाव असेल.

भाषावेडा

शेवटी अशोककुमार यायचे, ते विसरून कसं चालेल? भागात जे झालं त्यावर मिनिटभर बोलायचे, ‘छन पकैया छन पकैया’ म्हणत तुकबंदी करायचे आणि ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणून निरोप घ्यायचे. आमच्या घरी तेव्हापासून एक वाद आहे. ‘हम लोग’चं मराठी काय? बाबा म्हणायचे ‘आम्ही लोक’. आई म्हणायची, "‘आम्ही’ म्हटलं की तुम्ही बाहेर राहिलात. ‘आपण’ म्हणा."

हिंदीत ‘हम’ एकच आहे. मराठीला मात्र निवड करावी लागते. समोरच्याला आत घ्यायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं, ते ठरवल्याशिवाय आपल्याला वाक्यच बोलता येत नाही. आईचं बरोबर होतं, ती मालिका ‘आपण’ होती. बसेसर रामला बघून चाळीतले दोन काका खाली बघायचे, कारण त्यात तेही होते.

जुना_अँटेना

वा भाषावेडा! हा मुद्दा कधी सुचलाच नव्हता.

अशोककुमारांना आलेल्या पत्रांचाही आकडा आहे, ४ लाखांहून जास्त. त्यात कितीतरी तरुण मुला-मुलींची, की आमच्या आईवडिलांना समजवा, आमच्या पसंतीने लग्न करू द्या. मालिकेत ते कुणाचे कुणीच नव्हते, नुसते बोलायला येत. तरी लोकांनी त्यांना घरातला मोठा माणूस करून टाकलं. बडकी आणि डॉक्टर अश्विनीच्या लग्नाला तर अभिनंदनाच्या तारा आल्या, उत्तरेत काही ठिकाणी दुकानं लवकर बंद झाली. तेव्हा पुरणपोळी करणाऱ्या तुमच्या आई एकट्या नव्हत्या, निशिगंधताई.

लेस्टरची_लेक

मी इथे इंग्लंडमध्ये नर्स होते, आता निवृत्त. इथे ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही टीव्ही मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली, अजून चालू आहे. टोनी वॉरन नावाच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने ती घडवली. सॅलफर्डकडच्या कामगार वस्तीवरून बेतलेली एक गल्ली, कोपऱ्यावर पब. पहिल्या भागात केन बार्लो हा शिकलेला मुलगा घरच्या राहणीची लाज वाटून अवघडलेला दिसतो. तेच पात्र तोच नट, विल्यम रोच, म्हातारपणापर्यंत करत आला.

वॉर्डात आजीबाई त्यातल्या एना शार्पल्सबद्दल शेजारणीसारखं बोलायच्या. जाळीची टोपी घातलेली फटकळ बाई. मला तेव्हा इंग्रजी माणसांची फार भीती वाटायची. एनाला बघून वाटलं, अरे, ही तर आमच्या आळीतली काकू. भीती गेली. मुग्धाताईंच्या आजीला दादी समजली, तशीच मला एना समजली.

पटकथाकार_एक

मी मराठी दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहितो. नाव-वाहिनी सांगत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडेही मालिका सुरू होण्याआधी प्रत्येक पात्राची पानंच्या पानं टिपणं असतात. स्वभाव, आवडनिवड, लहानपण, कशाची भीती. ती आम्ही मनापासून लिहितो. पहिले पन्नास-साठ भाग त्यांच्यावर चालतात. मग एखाद्या गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे (टीआरपीचे) आकडे येतात, ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, उचलत नाहीये असं ठरतं आणि संध्याकाळपर्यंत नवी वनलाइन, म्हणजे पुढे काय घडायचं त्याची एक ओळ, येते. सून पायऱ्यांवरून पडली पाहिजे. का पडली, ते मी शोधायचं. हातात बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, दोन-तीनच. सकाळी सेटवर पानं गेली नाहीत तर तीस माणसं खोळंबतात.

अशा वेळी पहिल्यांदा बळी जातो तो स्वभावाचा. जी बाई सहा महिने कुणाला उलट बोलली नाही तिला मी एका रात्रीत कारस्थान करायला लावलंय. नटीने विचारलं, "दादा, ही असं करेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून ‘हम लोग’बद्दल मला आदर वाटतो. पत्रांचा दबाव जोशींवरही होता. लोक बडकीचं लग्न मागत होते. त्यांनी ते दिलं, पण बडकीला बडकी ठेवूनच. ती कचरत, थांबत, स्वतःशी भांडत तिथे पोचली. मागणी पुरवायची आणि माणूस मोडायचा नाही, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत काय पडतं ते.

रोखठोक

पटकथाकार, तुमची पोस्ट वाचून थांबलो. माझा संथपणाचा आक्षेप होता. आता वाटतंय, त्या संथपणामुळेच बडकीला कचरायला वेळ मिळाला असेल. विचार करतो.

कोकणकडा

मग ‘बुनियाद’ काढायलाच हवी. लेखक तेच जोशी, दिग्दर्शन रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांचं, १९८६-८७. लाहोरचं कुटुंब, फाळणी, दिल्लीत पुन्हा उभं राहणं. लिखाण म्हणून मला ती ‘हम लोग’पेक्षा उजवी वाटते. तिथे फाळणीसारखी प्रचंड घटना आहे, पण तीही माणसांच्या स्वभावातून कळते. मास्टर हवेलीराम तत्त्वाला चिकटणारा, लाजोजी घर चालवणारी. एकाची निष्ठा दुसऱ्याला उपाशी ठेवू शकते, हे मी तिथे शिकलो. आलोक नाथ तेव्हा जेमतेम तिशीचे आणि म्हातारपणापर्यंतचं काम केलं. अनिता कंवरचंही तेच. आपले कोल्हापूरकडचे विजयेंद्र घाटगेही होते त्यात.

सावनी

‘बुनियाद’ थोर आहेच. पण माझा कौल ‘हम लोग’ला. लाजोजीकडे बघून अभिमान वाटायचा. भगवंतीकडे बघून वाटायचं, उठून तिच्या हातातलं भांडं घ्यावं.

मराठीत मला असं ‘आभाळमाया’त वाटलं होतं. १९९९ ला अल्फा मराठी वाहिनी आली तेव्हाची. सुकन्या कुलकर्णींनी केलेली सुधा जोशी. शिकलेली, कमावती, आणि तरी नवऱ्याच्या बाबतीत आतून तुटलेली. तिच्या गप्प बसण्याला अर्थ असायचा. माझी आई, तीच ‘भगवंतीसारखी होऊ नकोस’ म्हणणारी, सुधाला बघून म्हणाली, "नोकरी असली तरी हे चुकत नाही का गं?" पंधरा वर्षांपूर्वी भिंतीला टेकून बघितलेल्या भगवंतीला ती हा प्रश्न विचारत होती, असं मला आता वाटतं.

मुग्धा_म्हापसा

सावनी, अंगावर काटा आला.

भाषावेडा

लल्लूबद्दल कुणीच बोललं नाही! राजेश पुरींचा लल्लू. थोरला मुलगा, नोकरी नाही, सगळ्यांच्या आशा त्याच्यावर. हसू यायचं त्याचं, पण माझ्या मामाला येत नसे. मामा तेव्हा बीकॉम होऊन तीन वर्षं अर्ज टाकत होता. लल्लू पडद्यावर आला की तो पाणी प्यायला उठायचा. पुढे मामाला बँकेत नोकरी लागली. पेढे वाटताना आजोबा म्हणाले, "आमचा लल्लू लागला हो." मामा तेव्हा पहिल्यांदा हसला.

आणि विनोद नागपालांचा बसेसर राम. त्याचा राग यायचा, पण किळस कधी आली नाही. तो गाणारा माणूस होता, आतून काहीतरी चांगलं वाया गेलेला. नागपाल स्वतः शास्त्रीय गाणं शिकलेले, ते त्यात उतरलं असणार. दारुड्या बाप म्हणून नुसता खलनायक उभा करणं फार सोपं होतं.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवतेय. आता तिची पट्टीही निघालीय.

काल मी तिला सरळच विचारलं, "तुला त्यातलं सगळ्यात कोण आवडायचं?" मला वाटलं बडकी म्हणेल, पुरणपोळ्या तिच्यासाठी केल्या होत्या ना. ती म्हणाली, "मझली." मी चाट पडले. मझली तर सिनेमाच्या वेडापायी फसणारी, घरच्यांच्या नाकी नऊ आणणारी.

आई म्हणाली, "बडकीला मी ओळखत होते, मी तशीच होते. मझलीसारखं मला एकदा तरी वागायचं होतं. ती चुकली, पण तिला काय हवं ते तिने तोंडाने सांगितलं. आमच्या घरात मी कधी सांगितलंच नाही." मग थोड्या वेळाने, "मला गाणं शिकायचं होतं."

चाळीस वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. आमच्या सोसायटीजवळ एक बाई सुगम संगीत शिकवतात, त्यांच्याकडे सोमवारी दोघी जातोय. आईने साडीसुद्धा काढून ठेवलीय.

जुना_अँटेना

आईंना माझा नमस्कार सांगा. ‘हम लोग’च्या शीर्षकगीताचं संगीत अनिल विश्वास यांचं होतं, शिकायला तेच घ्या म्हणावं.

पटकथाकार_एक

निशिगंधताई, ही पोस्ट मी माझ्या टेबलासमोर चिकटवू का? परवानगी असेल तरच.

निशिगंध

आईला विचारलं. म्हणाली, "चिकटव म्हणावं. आणि त्या सुनेला उगाच पायऱ्यांवरून पाडू नका म्हणावं."

चिंटूचा_बाबा

पुरणपोळीवरून आठवलं. बडकीच्या लग्नाला आमच्याकडे शिरा होता. बहिणीला विचारून खात्री करून घेतली, मॅगी नव्हती.